श्रीवर्धन : समुद्राकाठची वाडी

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
- कोकणच्या किनाऱ्यावरील एका लहान बागायती गावाची भूरचना आणि जीवनपद्धती सांगू शकाल;
- वाडीतील शेती आणि हंगामी पिकाची शेती यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
- नैसर्गिक आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीचा विचार अधिक खोलात जाऊन करू शकाल;
- किनारपट्टीच्या जीवनाशी निगडित शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

प्रस्तावना

शेती म्हटली की पेरणी, राखण आणि कापणी असे एका वर्षात पुरे होणारे चक्र आपल्या डोळ्यांपुढे येते. छत्तीसगडमध्ये भिलाईला लागून असलेल्या जामुल येथे सिमेंटचा कारखाना आणि भाताची शेते अशी दोन्ही दृश्ये पाहावयास मिळतात. त्या भागातील शेतकरी पावसाच्या आरंभी भात पेरतो आणि दिवाळीच्या आसपास कापणीला लागतो. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, तर ते वर्ष वाईट जाते. परंतु पुढील आषाढात तेच शेत पुन्हा पेरता येते. कोकणच्या किनाऱ्यावरील बागायतदाराचा हिशोब याहून निराळा असतो. त्याने आज लावलेल्या रोपाला सहा-सात वर्षे फळ धरत नाही. एकदा फळ धरू लागले, की मात्र तेच झाड त्याच्या मुलांना आणि नातवंडांनाही उत्पन्न देत राहते. अशी शेती एका दुपारी आडवी झाली, तर काय होते? रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन या गावाच्या आधारे हा प्रश्न आपण समजून घेणार आहोत.

१. गाव आणि भूभाग

श्रीवर्धन हे तालुक्याचे ठिकाण अरबी समुद्राच्या काठी वसलेले आहे. पूर्वेकडून सह्याद्रीचे फाटे उतरत उतरत किनाऱ्याजवळ येतात आणि तेथे लहान टेकड्यांचे रूप घेतात. या टेकड्यांच्या आणि पुळणीच्या मधल्या सपाट पट्टीत गाव आहे. प्रथम समुद्र, मग वाळूची लांबलचक पुळण, त्यानंतर सुरूची व केवड्याची झाडे, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या आत घरे आणि घरांमागे टेकड्यांच्या पायथ्याशी भाताची खाचरे असा येथील भूमीचा क्रम आहे. दक्षिणेस हरिहरेश्वर आहे. त्याच्याजवळच बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदी समुद्राला मिळते. उत्तरेस दिवेआगर आहे. गावाच्या एका टोकाला असलेल्या जीवना बंदरात कोळी बांधवांच्या होड्या लागतात.

मराठ्यांच्या इतिहासात या गावाला स्थान आहे. १७१३ साली शाहू महाराजांकडून पेशवेपद मिळवणाऱ्या बाळाजी विश्वनाथ भट यांचे घराणे मूळचे श्रीवर्धनचे. हा प्रदेश दीर्घकाळ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या सत्तेखाली होता. १९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सत्ता बदलत गेल्या. वाड्यांतील नारळी-पोफळी मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येत राहिल्या.

येथे पाऊस विपुल पडतो. वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असते आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उरलेल्या आठ महिन्यांत वाडी जगते ती विहिरीवर. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या विहिरींचे पाणी गोडे असते, याचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. त्याचे कारण सोपे आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने जमिनीखाली त्याच्यावर तरंगत राहते. रहाटाला बैल जुंपून पाणी काढत, तेव्हा उपसा बेताचा होत असे. विजेच्या पंपाने पाणी भराभर उपसता येते. परंतु उपसा मर्यादेबाहेर गेला, की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. त्यामुळे किनाऱ्यावरील शेतकऱ्याला पाणी मोजून मापूनच वापरावे लागते.

२. वाडीची घडण

कोकणात 'वाडी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घरांच्या लहान वस्तीला वाडी म्हणतात आणि घराभोवतीच्या बागायतीलाही वाडी म्हणतात. श्रीवर्धनमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण घर वाडीतच असते. वाडीचे क्षेत्र एकरांत क्वचितच सांगतात. ते गुंठ्यांत सांगण्याची रीत आहे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. अनेक कुटुंबांच्या वाट्याला दहा-वीस गुंठ्यांहून अधिक जमीन नसते.

एवढ्या लहान जागेत जास्तीत जास्त झाडे कशी जगवावीत, याचे शास्त्र येथील लोकांनी अनुभवातून सिद्ध केले आहे. सर्वांत उंच नारळ, त्याच्या खालोखाल पोफळ, पोफळीच्या खोडावर चढवलेली काळ्या मिरीची वेल, त्याखाली जायफळ व केळी आणि जमिनीलगत अननस किंवा अळू, अशी एकाखाली एक हिरवी छपरे वाडीत असतात. प्रत्येक झाड आपापल्या उंचीवरचा सूर्यप्रकाश घेते. पोफळीचे रोप तर कोवळेपणी ऊन सोसूच शकत नाही; त्याला सावली मिळावी म्हणून शेजारी केळ लावावी लागते. दाट वाडीतील झाडे एकमेकांना सावली देतात आणि वाऱ्यापासून आडोसाही देतात. वाडी टिकते ती झाडांच्या या सहवासामुळे.

श्रीवर्धनची सुपारी 'रोठा' या नावाने ओळखली जाते. आकाराने मोठी आणि आतून पांढरा भाग अधिक असलेली ही सुपारी बाजारात मान पावलेली आहे. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनमध्ये आहे. तेथे रोपे तयार करण्याचे आणि लागवडीविषयी मार्गदर्शन करण्याचे काम चालते.

३. वर्षभराचे काम

पावसाळा ओसरला, की वाडीत सुपारी काढण्याची लगबग सुरू होते. फळे पिकून नारिंगी झाली, की झाडावर चढण्यात तरबेज असलेला गडी पायांत दोरीचा फेरा अडकवून पोफळीवर चढतो आणि शिंपुटे उतरवतो. दाट वाडीत कुशल गडी एका झाडाचा शेंडा झुकवून दुसऱ्या झाडावर जातो. प्रत्येक वेळी खाली उतरत नाही. हे काम जोखमीचे आहे. ते करणारी माणसे आता कमी होत चालली आहेत.

उतरवलेली सुपारी अंगणात पसरून पाच-सहा आठवडे उन्हात वाळवावी लागते. ती अधूनमधून खालवर करावी लागते आणि दवापासून जपावी लागते. पुरती वाळली, की ती सोलतात. सोलण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. मग प्रतवारी होऊन माल व्यापाऱ्याकडे किंवा सुपारी उत्पादकांच्या संघाकडे जातो. झाडाचा कोणताही भाग वाया जात नाही. नारळाच्या झावळ्या विणून आडोसे करतात, हिरांचे खराटे होतात, काथ्याचे दोर वळतात आणि पोफळीच्या विरीपासून द्रोण व पत्रावळी तयार होतात.

घराचा खर्च मात्र केवळ वाडीवर चालत नाही. कुटुंबातील कोणी मुंबईला नोकरीला असतो, कोणी परदेशात कामाला जातो, कोणी घरातील दोन खोल्या पर्यटकांना देतो. वाडी रोजच्या गरजा भागवत नसली, तरी ती आधार असते. मुलीचे लग्न, आजारपण, घराची डागडुजी अशा प्रसंगी सुपारीचे पैसे उपयोगी पडतात. गावापासून दूर गेलेल्यांनाही 'आपली वाडी आहे' एवढा विश्वास पुरेसा वाटतो.

पाठगत प्रश्न १

(अ) समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी गोडे का असते?
(आ) पोफळीच्या रोपाशेजारी केळ लावण्याचे कारण काय?

४. ३ जून २०२०

२०२० सालच्या जूनच्या आरंभी अरबी समुद्रात एक चक्रीवादळ तयार झाले. त्याला 'निसर्ग' असे नाव देण्यात आले होते. ३ जून रोजी दुपारी ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग तासाला शंभर किलोमीटरहून अधिक होता. देशात त्या वेळी कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती. मुंबईतील कामधंदे बंद पडल्याने अनेक चाकरमानी गावी परतले होते. धोक्याची सूचना वेळेवर मिळाल्याने किनाऱ्यावरील लोकांना सुरक्षित जागी हलवता आले आणि त्यामुळे पुष्कळ प्राण वाचले. झाडांना मात्र हलवता येत नाही.

काही तासांत श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील वाड्या उद्ध्वस्त झाल्या. पोफळीचे खोड उंच व सडपातळ असते. जोराच्या वाऱ्यात काही झाडे मधोमध मोडली, तर काही मुळांसकट उन्मळून पडली. नारळ पोफळींवर कोसळले आणि पोफळी घरांच्या कौलांवर. रस्ते पडलेल्या झाडांनी अडले आणि गावे कित्येक दिवस अंधारात राहिली.

वादळ गेल्यावरही नुकसान थांबले नाही. बाहेरच्या रांगा पडल्याने आतली झाडे उघडी पडली. जन्मभर सावलीत वाढलेल्या पोफळीच्या खोडावर थेट ऊन पडले, की ते करपते. त्यामुळे वादळातून वाचलेली काही झाडेही पुढे दुबळी झाली. एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्या झाडांपैकी निम्मी गेली, म्हणजे उरलेल्या निम्म्यांचाही आधार गेला.

५. नुकसानीचे माप

अशा वेळी शासनाने मदत करणे आवश्यक असते आणि ती करण्यातही आली. फळबागांसाठी पूर्वी हेक्टरी १८ हजार रुपये मिळत असत. महाराष्ट्र शासनाने ही मदत हेक्टरी ५० हजार रुपये केली. ही वाढ मोठी होती. परंतु लहान वाडीच्या मालकाला प्रत्यक्षात काय मिळते, हे पाहण्यासाठी आपण एक साधे गणित करू.

एक हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. त्यामुळे हेक्टरी ५० हजार रुपये म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार रुपये मिळतील. दोन झाडांत सुमारे पावणेतीन मीटर अंतर ठेवून पोफळी लावल्या, तर एका गुंठ्यात चौदा झाडे बसतात. म्हणजे दहा गुंठ्यांत एकशे चाळीस. ही सगळी झाडे पडली असे मानले, तर एका झाडामागे मदत होते छत्तीस रुपयांच्या आसपास. वाडीतील नारळ, जायफळ व मिरी यांचा हिशोब यात आलेलाच नाही.

बागायतदारांनी ही अडचण मांडली. त्यानंतर शासनाने झाडागणिक मदतीचा दरही ठरवला. सुपारीच्या एका झाडामागे ५० रुपये आणि नारळाच्या झाडामागे २५० रुपये असा तो दर होता. यात आणखी एक गुंता होता. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत आलेल्या जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर अनेक भावाबहिणींची नावे असतात. त्यांतील काही जण मुंबईत, तर काही परदेशात असतात. वाडी राबवणारा एक आणि कागदावरचे मालक अनेक, अशा स्थितीत मदत मिळवणे सोपे नसते.

येथे दोष कोणाचा, यापेक्षा माप कोणते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. भाताचे शेत बुडाले, तर नुकसान क्षेत्रफळाने मोजणे योग्य ठरते, कारण एका हंगामाचे पीक गेलेले असते. वाडीत मात्र गेलेली असतात ती वर्षे. चाळीस वर्षांची पोफळ पडली, तर त्या जागी लावलेले रोप फळावर येईपर्यंत सहा-सात वर्षांचे उत्पन्न बुडते. पूर्वीइतकी दाट वाडी उभी राहण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. साठीच्या घरातील शेतकऱ्याने असे रोप लावावे की न लावावे? लावले, तर ते कोणासाठी? श्रीवर्धनच्या कित्येक घरांत २०२० च्या पावसाळ्यात हाच प्रश्न उभा होता.

पाठगत प्रश्न २

(अ) वादळातून वाचलेल्या पोफळीही नंतर दुबळ्या का झाल्या?
(आ) वाडीच्या नुकसानीला केवळ क्षेत्रफळाचे माप अपुरे का पडते?

६. सातासमुद्रापलीकडचे सोबती

हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रात ग्रेनडा नावाचा लहानसा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३४४ चौरस किलोमीटर आहे. डोंगरउतार, भरपूर पाऊस, किनाऱ्यावर नारळ आणि मागे मसाल्याच्या बागा, हे तेथील दृश्य कोकणची आठवण करून देणारे आहे. या देशाचे मुख्य पीक जायफळ. त्याच्या राष्ट्रध्वजावरही जायफळाचे चित्र आहे. पश्चिम किनाऱ्यावर ग्वाव नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील लोक मासेमारी करतात आणि आसपासच्या डोंगरांतून आलेले जायफळ गावातील केंद्रात वाळवून, निवडून परदेशी पाठवले जाते. निवडण्याचे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. श्रीवर्धनच्या अंगणात सुपारी सोलणाऱ्या स्त्रियांना हे काम परके वाटणार नाही.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच तिकडे हरिकेन म्हणतात. ७ सप्टेंबर २००४ रोजी 'आयव्हन' नावाचे हरिकेन ग्रेनडावर आदळले. बहुतेक घरांची हानी झाली आणि जायफळाची बहुसंख्य झाडे जमीनदोस्त झाली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये 'एमिली' हे दुसरे वादळ आले. जायफळाचे झाडही सात-आठ वर्षे फळ देत नाही आणि पूर्ण भरात यायला त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात. एवढी वर्षे कशी काढावीत, हा पेच तेथील शेतकऱ्यांपुढेही होता. अनेकांनी तीन-चार वर्षांत फळ देणाऱ्या कोकोकडे मोर्चा वळवला. जायफळाचे उत्पादन अनेक वर्षांनंतरही पूर्वीच्या पातळीवर आले नाही. दोन्ही किनाऱ्यांची भाषा आणि इतिहास वेगळे असले, तरी झाडाच्या वाढीचा काळ कोणालाही घाईने कमी करता येत नाही.

७. पुन्हा लागवड

श्रीवर्धनच्या लोकांनी पडलेली झाडे कापून जमीन मोकळी केली आणि पुन्हा लागवड सुरू केली. नव्या लागवडीत काही गोष्टींचा विचार अधिक डोळसपणे करावा लागतो. आधी केळी लावून सावली तयार करायची आणि मग पोफळीची रोपे लावायची. केळीपासून वर्षभरात थोडे उत्पन्नही मिळते. सगळी झाडे एकाच वेळी न लावता टप्प्याटप्प्याने लावली, तर वाडीत निरनिराळ्या वयाची झाडे राहतात. समुद्राच्या बाजूला सुरू, उंडी, केवडा यांची रांग राखली, तर वाऱ्याचा पहिला तडाखा तिच्यावर जातो.

एकाच पिकावर विसंबणे धोक्याचे आहे, याला आणखी एक कारण आहे. पूजेत आणि शुभकार्यात सुपारीला स्थान असले, तरी ती चघळणे आरोग्यास घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे. तेव्हा नारळ, मिरी, जायफळ, केळी यांची जोड वाडीला असणे हिताचे आहे.

अरबी समुद्राचे पाणी तापत असून गेल्या काही दशकांत तेथील तीव्र चक्रीवादळांचे प्रमाण वाढल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' हे वादळ याच किनाऱ्याजवळून पुढे गेले. म्हणजे आज लावलेल्या पोफळीला तिच्या आयुष्यात वादळ भेटणारच नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही रोप लावले जाते. ज्याने ते लावले, त्याला स्वतःला आजोबांनी लावलेल्या झाडांची फळे मिळालेली असतात. ते ऋण पुढच्या पिढीकडेच फेडता येते, हे त्याला ठाऊक असते. समाजानेही नुकसानीचे मोजमाप करताना गुंठ्यांबरोबर ही वर्षे मोजली, तर वाडी राबवणाऱ्या हातांना खरे बळ मिळेल.

आपण काय शिकलो?

- श्रीवर्धन हे टेकड्या आणि समुद्र यांमधील पट्टीत वसलेले बागायती गाव आहे.
- वाडीतील निरनिराळ्या उंचीची झाडे परस्परांना सावली आणि आडोसा देतात.
- ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्यांची मोठी हानी केली.
- बहुवर्षायू झाडांच्या नुकसानीत क्षेत्रफळाइतकाच काळही मोजला पाहिजे.
- ग्रेनडासारख्या दूरच्या देशातील शेतकऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

शब्दार्थ

पुळण – समुद्रकाठची वाळूची पट्टी
पोफळ – सुपारीचे झाड
शिंपुट – सुपारीच्या फळांचा घोस
विरी – पोफळीच्या झावळीचा खोडाला वेढणारा रुंद भाग
हीर – नारळाच्या पातीची मधली कडक काडी
रहाट – विहिरीतून पाणी काढण्याचे चाक
मचूळ – किंचित खारट, बेचव
चाकरमानी – नोकरीसाठी मुंबईत राहणारा कोकणी माणूस
बहुवर्षायू – अनेक वर्षे जगणारे

स्वाध्याय

१. वाडीतील झाडांची रचना तुमच्या शब्दांत वर्णन करा.
२. 'वाडीत मात्र गेलेली असतात ती वर्षे' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. श्रीवर्धन आणि ग्वाव यांतील कोणतीही तीन साम्ये लिहा.
४. एका बागायतदाराकडे पंधरा गुंठ्यांची वाडी आहे. हेक्टरी ५० हजार रुपये या दराने त्याला किती मदत मिळेल, ते काढा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या झाडाविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ते कोणी लावले, त्याचा उपयोग कोणाला झाला, याविषयी दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. (आ) कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही. केळीमुळे त्याला सावली मिळते.
२. (अ) शेजारची झाडे पडल्याने त्यांच्या खोडांवर थेट ऊन पडले आणि वाऱ्याचा आडोसाही गेला. (आ) नवे झाड फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. तो काळ क्षेत्रफळात मोजला जात नाही.